पीसीवर टीव्ही की वेगळा टीव्ही? मनीषनगरची खोली आणि खामल्याचा हॉल

भाच्यानं नागपुरात मनीषनगरला खोली घेतली. एक गादी, एक टेबल, टेबलावर त्याचा कॉम्प्युटर आणि चोवीस इंची मॉनिटर. पहिल्याच रविवारी फोन आला, "मामा, टीव्ही काऊन घ्यायचा? पीसी आहे ना!" त्याच आठवड्यात खामल्याला आमच्या हॉलमधल्या टीव्हीनं मान टाकली आणि धाकट्यानं त्याचा कॉम्प्युटर उचलून शोकेसवर आणून ठेवला. एकच प्रयोग दोन घरांत सुरू झाला. मनीषनगरला तो अजून झकास चालू आहे. खामल्याला नवव्या दिवशी आईनं विचारलं, "याचा रिमोट कुठाय?"

तुम्हीही याच विचारात असाल, तर आधी एक गोंधळ दूर करू. 'कॉम्प्युटरवर टीव्ही' या नावाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी सांगतात: सेट टॉप बॉक्स मॉनिटरला जोडणं, इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये बघणं, ट्यूनर लावून डिशचा सिग्नल थेट कॉम्प्युटरमध्ये घेणं, आणि कॉम्प्युटर एचडीएमआय वायरनं (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी) टीव्हीला जोडणं. प्रत्येकीचा खर्च वेगळा, कटकटही वेगळी.

जुन्या ट्यूनरचं काय? बर्डीच्या बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांत एकेकाळी डबीएवढा एक्स्टर्नल ट्यूनर मिळायचा. केबलवाल्याची वायर त्यात खुपसायची, मॉनिटर त्याला जोडायचा, सीपीयू सुरू न करता टीव्ही चालू. होस्टेलच्या खोल्यांत तो हमखास दिसायचा, माझ्याकडेही होता. केबलचं डिजिटायझेशन झालं, त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नागपूर होतं आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर केबलच्या वायरमधून येणारं काहीही बॉक्सशिवाय उलगडेना. दूरदर्शननंही जमिनीवरचे ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद केले. तेव्हा जुन्या सामानात कुणी 'चालू कंडिशन'मधला ट्यूनर तीनशेला देत असेल, तर तीनशे रुपयांचे तर्री पोहे खा.

बॉक्स थेट मॉनिटरला

केबल किंवा डीटीएचचं कनेक्शन आधीच असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय हाच. दोन-तीनशेची एचडीएमआय वायर, बस. कॉम्प्युटर सुरूही करावा लागत नाही, मॉनिटरचं इनपुट बदललं की झालं. रिमोट बॉक्सचाच, त्यामुळे घरातल्या कुणालाही जमतं.

अडचण येते ती जुन्या मॉनिटरवर. व्हीजीए किंवा डीव्हीआय या जुन्या जोडणीचा मॉनिटर असेल आणि मध्ये स्वस्त कन्व्हर्टर लावला, तर बऱ्याचदा आवाज येतो पण पडदा काळा राहतो. माझ्याकडे झालं ते हेच. अर्धा तास वायर उलटसुलट करून पाहिली. वायर चांगली होती. बॉक्स समोरच्या पडद्याला कॉपी-संरक्षणाची खूण विचारतो, तिला एचडीसीपी म्हणतात, आणि ती त्या कन्व्हर्टरकडे नसतेच. बॉक्सचं आउटपुट कॅप्चर कार्डातून कॉम्प्युटरमध्ये घेऊन मालिका रेकॉर्ड करायचा बेत असेल, तर तोही इथेच अडतो.

दुसरी अडचण आवाजाची. बऱ्याच मॉनिटरना स्पीकरच नसतात, आणि असले तरी ते मे महिन्यातल्या नागपूरचा विचार करून बनवलेले नसतात. खिडकीत कूलर पूर्ण वेगात फिरत असताना मॉनिटरच्या स्पीकरमधून बातम्या ऐकून दाखवा! मॉनिटरला मागे हेडफोनचं भोक आहे का ते बघा आणि हजार-बाराशेचे स्पीकर खर्चात आधीच धरा.

आणि बसता कुठे, तेही बघा. जुन्या, स्वस्त मॉनिटरचं पॅनल बऱ्याचदा टीएन जातीचं असतं. खुर्चीतून ते ठीक दिसतं. खाली गादीवर बसून वर बघितलं की चेहरे काळवंडतात, रंग उलटेपालटे होतात. भाच्याचं पॅनल आयपीएस जातीचं आहे, ते कुठूनही नीट दिसतं, म्हणून तो गादीवर लोळत बघू शकतो. आमच्या धाकट्याचं नव्हतं, आणि आमच्याकडे सगळे खालीच बसतात.

ब्राउझरमध्ये

भाचा बघतो ते असं. मराठी बातम्या यूट्यूबवर फुकट थेट दिसतात, एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास, सगळं. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज सुरू केलं, तिथे दूरदर्शनच्या वाहिन्या मिळतात. एकट्या माणसाला एवढं रग्गड झालं. फायबर असेल तर डेटाची काळजी नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र हा खेळ मांडू नका, एचडीमध्ये तासाला दोन जीबीच्या आसपास सहज जातात. रोजचा कोटा एका महाएपिसोडमध्ये साफ.

याचं दुखणं म्हणजे उशीर. ६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती. मी लॅपटॉपवर बघत होतो, शेजारी डिशवर. भिंतीपलीकडून "अरे यार!" असा सामूहिक आवाज आला. माझ्या पडद्यावर गिल ८७ वर निवांत खेळत होता. अर्ध्या मिनिटानं तो आउट झाला, आणि मी दचकलोसुद्धा नाही. मालिकेला या उशिरानं काही फरक पडत नाही. क्रिकेट बघणाऱ्यानं मात्र शेजारी काय लावतात ते आधी विचारून घ्यावं.

दुसरी एक बारीक गोष्ट, दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण सेकंदाला २५ चित्रं, ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) या हिशेबाचं. कॉम्प्युटरचा मॉनिटर सहसा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर चालतो. पन्नासाचे साठ करायला दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवावं लागतं, म्हणून बातम्यांखालची पट्टी गचके खात सरकते आणि चेंडूमागे कॅमेरा वळला की चित्र अडखळतं. लोक नेटला शिव्या घालतात, नेटचा काही संबंध नसतो. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ५० करून पाहा. यादीत ५० असेल तर पट्टी लोण्यासारखी सरकते. भाच्याच्या मॉनिटरला तो पर्याय होता. त्याला हे दाखवलं तेव्हा, इतके दिवस काहीतरी खटकत होतं ते हेच, हे त्याला कळलं.

डिश आणि ट्यूनर

हा हौशी लोकांचा रस्ता. दूरदर्शनची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तिला महिन्याचं भाडं नाही. एकदाच डिश आणि बॉक्स घ्यायचा, दीड-दोन हजारांत काम होतं. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. नागपूरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर येतो. एवढ्या उंचावर असल्यानं समोरची बिल्डिंग सहसा आड येत नाही. अंगणातला कडुनिंब येतो.

बॉक्सऐवजी यूएसबीचा डीव्हीबी-एस२ (म्हणजे डिशच्या सिग्नलचा) ट्यूनर घेतला तर फ्री डिशच्या खुल्या वाहिन्या कॉम्प्युटरवर घेता येतात, रेकॉर्ड करता येतात, मध्येच थांबवता येतात. मी केलं. पहिली संध्याकाळ वाहिन्या शोधण्यात गेली, दुसरी डीइंटरलेस नावाच्या सेटिंगमध्ये. ते बंद असेल तर हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. शिवाय बऱ्याच वाहिन्या ७२० बाय ५७६ च्या जुन्या मापात येतात. हॉलमध्ये दहा फुटांवरून खपून जातं, टेबलाशी दोन फुटांवर बसून बघितलं तर निवेदिकेच्या नाकाचे चौकोन मोजता येतात. आणि ट्यूनरच्या किमतीत साधा फ्री डिशचा अख्खा सेट येतो. रेकॉर्डिंगचं वेड नसेल तर या वाटेला जाऊ नका.

फ्री डिश मात्र स्वतंत्रपणे विचार करण्यासारखी आहे. सह्याद्री मिळते. भारताचे वनडे आणि टी-ट्वेंटी सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात, असा २००७ चा कायदा आहे, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तो सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरताच. त्यामुळे खासगी केबलवरच्या डीडी स्पोर्ट्सवर सामना गायब असतो आणि फ्री डिशवर तोच फुकट दिसतो. खासगी वाहिन्यांचे स्लॉट लिलावानं जातात, यादी बदलत राहते. तेव्हा ठरावीक एका मालिकेसाठी हिच्यावर भिस्त नको. जुलैतला मुसळधार पाऊस आला की पंधरा-वीस मिनिटं पडदा निळा, हेही गृहीत धरा. तसं जूनच्या वादळात फांदी पडून फायबर तुटलं, तर दोन दिवस ब्राउझरही शांतच असतो.

कॉम्प्युटर आणि मोठा टीव्ही, एचडीएमआयनं

नुसता जोडला की बहुतेकदा चित्राच्या कडा कापल्या जातात, खालची पट्टी दिसेनाशी होते. टीव्हीच्या मेनूत इनपुटला 'पीसी' नाव द्या किंवा 'जस्ट स्कॅन' निवडा, सुटतं. पण इंटरनेटवरच्या सेवा दाखवणारी चार-पाच हजारांची स्टिक टीव्हीला लावली तर हेच सगळं रिमोटवर चालतं, आणि काही सेवा ब्राउझरपेक्षा तिथे चित्रही जास्त चांगलं देतात. टीव्ही आहेच, तर त्याला कॉम्प्युटर कशाला जुंपायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

विजेचा हिशेब लोक फार करतात, म्हणून सांगतो. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून शंभर वॅट धरा, रोज पाच तास म्हणजे महिन्याला १५ युनिट. बत्तीस इंची एलईडी टीव्ही आणि बॉक्स मिळून साठ वॅट, म्हणजे ९ युनिट. सहा युनिटचा फरक. एवढ्यासाठी निर्णय फिरवू नका, आपल्याकडे कूलर तेवढी वीज दोन-तीन दिवसांत खातो. कूलरची ओलसर हवा आणि धूळ सीपीयूच्या पंख्यावर जो गारा चढवतात, त्याची काळजी जास्त करा. उन्हाळ्याआधी एकदा पेटी उघडून फुंकून घ्या.

आता खामल्याच्या त्या नऊ दिवसांबद्दल. आमच्या घरी टीव्ही बघतात कमी, लावतात जास्त. संध्याकाळी सहाला लावला की दहापर्यंत चालू. आई मेथी निवडते, पोळ्या लाटते, मध्येच मान वर करून बघते. कॉम्प्युटरला हे लावून सोडणं कळतच नाही. दहा मिनिटं माउस हलला नाही की पडदा झोपतो, ते सेटिंग बदललं. मग दोन-तीन एपिसोड झाले की ॲप विचारायचं, अजून बघताय का? आईचे हात कणकेत. "हा काय विचारून राहिला मला? बघूनच राहिली आहे ना मी!" आठव्या दिवशी ऐन लग्नाच्या एपिसोडला विंडोजनं अपडेट घ्यायचं ठरवलं. पडद्यावर टक्के सरकत होते, आई ते वाचत होती. चाळीस टक्क्यांवर ती देवापुढे दिवा लावायला उठून गेली.

भाच्याचं उलट आहे. तो ठरवून बघतो, एक गोष्ट, एकटा, संपली की बंद. त्याला माउसच सोयीचा. चॅनल बदलत बसायची सवय त्याच्या पिढीला लागलीच नाही.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी किंमत काढत नाही. घरात टीव्ही लावून सोडतात की ठरवून बघतात, हे विचारतो. ठरवून बघणारे एक-दोघे असतील, फायबर असेल, मॉनिटर आयपीएस असेल, तर टीव्ही घेऊच नका, स्पीकर घ्या. केबलचं कनेक्शन आहे पण टीव्ही बिघडलाय आणि चार-सहा महिने काढायचेत, तर बॉक्स मॉनिटरला लावा. घरात म्हातारी माणसं असतील, किंवा दोघांपेक्षा जास्त जण एकत्र बघत असतील, तर सरळ टीव्ही. बत्तीस इंची दहा-पंधरा हजारांत येतो. त्याहून मोठ्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा त्रेचाळीस इंचीची किंमतही एकदा विचारून बघा.

आम्ही त्रेचाळीस इंची घेतला, वर फ्री डिश बसवली, जुनं कनेक्शन आईच्या दोन मालिकांपुरतं ठेवलं. धाकट्याचा कॉम्प्युटर त्याच्या खोलीत परत गेला. पाच मीटरची एचडीएमआय वायर उरली आहे, ती भाच्यासाठी बाजूला ठेवली. "कायले लागते मामा," म्हणतो. लग्न ठरू दे त्याचं, मग बघू.