मंचासमोर की पडवीत? कोकणात लाइव्ह गाणं टिपायचं तर

कुडाळच्या माझ्या भाच्याकडे साठवलेले लाखभर रुपये आहेत आणि एक प्रश्न आहे: लेन्स बदलता येणारा मिररलेस कॅमेरा घेऊ की झूमवाला हँडीकॅम? येत्या हिवाळ्यात पणजीपासून रत्नागिरीपर्यंत, स्वतःची गाणी स्वतः बांधणारी जी मंडळी मंचावर चढतील त्यांचं गाणं टिपायचं आणि त्यांना बोलतं करायचं, असा त्याचा बेत आहे. फोनवर त्याला सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. याच पेचात असलेले आणखीही काही जण मला माहीत आहेत.

कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी गाणं कुठे टिपणार ते ठरव. चालू कार्यक्रमात, गर्दीत उभं राहून? की कलाकाराला बाजूला घेऊन, कुणाच्या तरी पडवीत, दोन गाणी आणि पंधरा-वीस मिनिटं गप्पा? दोन्हींना सामान वेगळं लागतं, परवानग्या वेगळ्या लागतात, आणि माणूस फसतो तोही वेगवेगळ्या जागी.

मंचासमोर

मंचाची मजा कशात आहे ते सांगायला नको. तिसऱ्या गाण्याला लोक सोबत गायला लागतात तेव्हा गायकाच्या चेहऱ्यावर जे येतं ते पडवीत कधीच मिळत नाही. पण तिथे काहीही दुसऱ्यांदा होत नाही, आणि जागा तुमच्या मर्जीची नसते. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरत आला आहे. तिथे श्रोते बसून ऐकतात, मागे तिवई (ट्रायपॉड) लावली तरी काम होतं. आपल्या इंडी, म्हणजे स्वतःचीच गाणी करणाऱ्या, बँडसमोर लोक उभे असतात, हात वर असतात आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. मागून कॅमेऱ्याला दिसतात त्या पन्नास छोट्या स्क्रीन.

खरी गोम आवाजात आहे. नवखा माणूस म्हणतो, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर घेतली की झालं. मीही तेच केलं होतं. एका किनाऱ्यावरच्या कार्यक्रमात अख्खा दीड तास मिक्सरमधून रेकॉर्ड केला आणि घरी येऊन भाच्याला ऐकवला. तो म्हणाला, "मामा, ड्रम खंय गेलो?" ड्रम होता, पण शेजारच्या गावात वाजत असल्यासारखा. कारण सोपं आहे. छोट्या मंचावर ड्रमचा स्वतःचाच आवाज इतका मोठा असतो की साउंडवाला तो स्पीकरमधून जवळपास देतच नाही. गायक, कीबोर्ड, अकूस्टिक गिटार, जे मुळात हळू आहे तेच तो वाढवतो. समोर उभ्या माणसाला दोन्ही मिळून गाणं ऐकू येतं. वायरमधून मात्र फक्त वाढवलेला भाग जातो.

म्हणून दोन ठिकाणचा आवाज घ्यायचा: एक मिक्सरमधून, दुसरा मिक्सरच्याच टेबलाजवळ उंच स्टँडवर लावलेल्या माइकमधून. स्वतःचे माइक आणि शिवाय बाहेरून दोन वायर घेणारे चार ट्रॅकचे रेकॉर्डर याच कामाचे. नंतर दोन्ही जुळवताना एक गंमत होते. हवेत आवाज सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर जातो. माइक मंचापासून पस्तीस मीटरवर असेल तर तो आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात तो अडीच फ्रेम मागे पडतो. मग गायकाचे ओठ आणि शब्द जुळत नाहीत आणि बघणाऱ्याला काहीतरी बिनसल्यासारखं वाटत राहतं. एडिट करताना तो ट्रॅक तेवढाच आधी सरकवला की जमतं.

मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरकस असतो. रेकॉर्डरची सेटिंग माइकवरच ठेवली तर नुसती खरखर मिळते. हल्ली ३२ बिट फ्लोटवाले रेकॉर्डर मिळतात, त्यांत आवाजाची पातळी चुकली तरी नंतर सावरता येते. पण मिक्सरमधूनच फाटलेला आवाज आला तर कुठलाही बिट तो शिवून देणार नाही. या सगळ्यासाठी साउंड चेकच्या, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतात त्या वेळी हजर राहून साउंडवाल्याकडे आपल्यासाठी स्वतंत्र वायरीची जागा (आउट) मागावी लागते. तो माणूस दिवसभर उन्हात वायरी ओढत असतो. आधी चहा, मग मागणी.

आणि वेळ. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हिशोब. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती प्रत्येक कार्यक्रमाला असतेच असं नाही. बँड महामार्गावर अडकून तासभर उशिरा पोहोचला की कात्री लागते साउंड चेकला. म्हणजे तुमच्या वायरीला.

पडवीत

अमेरिकेत २००८ साली एनपीआर या रेडिओचे बॉब बॉइलन आणि स्टीफन थॉम्पसन ऑस्टिनच्या एका बारमध्ये लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेले. गर्दीच्या गोंगाटात तिचं गाणं ऐकूच येईना. थॉम्पसन थट्टेत म्हणाला, तू आमच्या ऑफिसात टेबलाशीच येऊन गा. ती खरंच आली, आणि त्यातून टायनी डेस्क ही ऑफिसातल्या छोट्या मैफलींची मालिका उभी राहिली. आपल्याला त्यांच्यासारखं टेबल आणि पुस्तकांची मांडणी करायची गरज नाही. आपल्याकडे पडवी आहे.

पडवी ही कोकणातली सगळ्यात स्वस्त रेकॉर्डिंग खोली. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर आवाज आपटून सरळ परत येत नाही, खडबडीत दगडात विखुरतो. वर कौलं, खाली सारवलेली जमीन, एक बाजू खळ्याकडे उघडी. घुमायला जागाच नाही. याउलट लॉजची टाइल लावलेली खोली किंवा पत्र्याचा हॉल. तिथे एक टाळी वाजवून बघा, ती चार वेळा ऐकू येईल.

बाहेरून आलेल्या प्रत्येकाला मोह होतो तो सुरूच्या बनाचा. दिसतंही देखणं: मागे समुद्र, मावळतीचं ऊन, हातात गिटार. पण सुरूच्या सुयांतून वारा गेला की अखंड सूंऽऽ आवाज निघतो, त्यात लाटांचा. हा आवाज खालच्या पट्टीपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरने काढायला गेलं की गायकाच्या गळ्यातलाही थोडा निघून जातो. बनात फक्त चित्र घ्यावं. गाणं किनाऱ्यापासून दोनशे मीटर आत, घराच्या आडोशाला.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामी येतात. दुपारभर समुद्रावरून खारा वारा येतो आणि माइकला साधी स्पंजची टोपी पुरत नाही, केसाळ टोपी लागते. सूर्य बुडता बुडता तो पडतो आणि जमिनीवरून मतलई सुरू व्हायच्या आधी हवा थोडा वेळ अगदी स्तब्ध असते. उजेडही तेव्हा मऊ असतो. साउंड चेक संपलेला असतो, कार्यक्रमाला अवकाश असतो. मुलाखतीची ती वेळ. अजून अंधारलं की रातकिडे सुरू होतात, आणि त्यांना सूचना देता येत नाही.

दुसरी वेळ सकाळची. संगीतकार सकाळी आठला उठतो यावर ज्याचा विश्वास असेल त्याने ती ठरवावी. तरी माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या तीन मुलाखती सकाळच्याच आहेत, घावणे-चटणी पोटात गेल्यावरच्या. कार्यक्रम संपल्या संपल्या मात्र कुणाला धरू नये. गळा बसलेला असतो, कान गुणगुणत असतात, आणि माणूस "लोकांनी खूप प्रेम दिलं" याच्या पलीकडे जात नाही. आणखी एक: समोरचा मालवणी असेल तर मालवणीतच विचारावं. पाठ केलेली वाक्यं आपोआप गळून पडतात.

मुलाखतीला कॉलरचे वायरलेस माइक सोयीचे. त्यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तिथेच वायफाय आणि ब्लूटूथही असतं, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी मधूनच आवाज तुटतो. माइकमध्येच रेकॉर्डिंग साठवणारा संच घेतला तर तुटलेलं वाक्य तिथून काढता येतं.

आता कॅमेरा

मोबाइल पडवीत उत्तम. दोन मोबाइल, दोन तिवया, एक समोर आणि एक हाताच्या बोटांवर. दोष दोन. तो फ्रेमचा वेग आपल्या मनाने कमी-जास्त करतो, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगला वेगळा घेतलेला आवाज हळूहळू सरकतो. एडिट करण्याआधी फाइल ठरावीक वेगाची करून घ्यावी. आणि तो आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो, म्हणून त्याचा आवाज फक्त जुळवणीपुरता वापरायचा. फ्लाइट मोड विसरू नये, नाहीतर अंतऱ्यात आईचा फोन येतो. मंचासमोर मात्र मोबाइल हरतो. लांबून झूम केलं की चेहऱ्याचा चिखल होतो.

हँडीकॅमला लोक जुना समजून हसतात. नवे मॉडेल फारसे येत नाहीत हेही खरं. पण सोनीच्या एएक्स५३ सारख्या कॅमेऱ्यात वीसपट ऑप्टिकल, म्हणजे लेन्सनेच होणारा झूम आहे, तो न तापता तासन् तास चालतो, आणि मागच्या रांगेतूनही गायकाचे डोळे दाखवतो. सेन्सर छोटा, म्हणून अंधारात चित्रावर दाणे येतात. मंचावर दिवे असतात तिथे भागतं, कंदिलाच्या उजेडातल्या पडवीत नाही.

मिररलेसचं चित्र सगळ्यांत सुंदर, वादच नाही. पण हिशोब नीट करा. सोबत येणारी १६-५० मिलिमीटरची, जवळचंच टिपणारी लेन्स तीस मीटरवरच्या मंचाला पुरत नाही. पुरेल अशी ७०-२०० ची, लांबचं जवळ आणणारी, तीही अंधारात चालणारी, ती कॅमेऱ्याहून महाग. जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबतं. युरोपात अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेऱ्याचा जास्त आयात कर लागायचा, त्याची ही शिल्लक. नव्यांत ती मर्यादा बहुधा नसते, पण मार्चच्या दमट दुपारी छोटे कॅमेरे तापून स्वतःच बंद पडतात. ४के १०० मेगाबिटवर घेतलं तर तासाला ४५ जीबी लागतात. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा स्टीरिओ आवाज तासाला एक जीबी.

कुठलाही असो, शटर १/५० सेकंद आणि सेकंदाला २५ फ्रेम. आपली वीज ५० हर्ट्झची, नाहीतर दिवे लुकलुकतात.

ड्रोन नको. तो उडाला की खालचं गाणं त्याच्या भुणभुणीत जातं.

परवानगी

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क आहे, आणि गाण्याच्या कवी-संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा. मंचावर टिपायचं तर आयोजक, कलाकार, कधी त्याचा मॅनेजर अशी साखळी. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवासारख्या मोठ्या ठिकाणी तर लेखी विचारणा आठवडे आधीच करावी. पडवीत कलाकाराची एका पानावर सही आणि घरमालकिणीचा होकार. गाणं स्वतःचं आहे का, एवढं मात्र विचारून घ्यायचं.

तर भाच्या, तुझ्या लाखाचं मी असं करीन. आधी चार ट्रॅकचा रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, दोन जड तिवया. निम्म्याहून जास्त पैसे उरतील. हा हिवाळा तुझा आणि तुझ्या ताईचा मोबाइल, आणि पडवीतले दहा कलाकार. मंचाचं बोलावणं आलं तर त्या दिवसापुरता कॅमेरा भाड्याने आण. दहांतल्या चौघांनी पुढच्या वर्षी अख्खा कार्यक्रम टिपायला बोलावलं, किंवा दशावतारासारखं रात्रभर चालणारं काही करावंसं वाटलं, तर हँडीकॅम. मन माणसाच्या चेहऱ्यातच अडकलं तर मिररलेस आणि एकच ३५ची लेन्स. ७०-२०० चं नावही काढू नको.

जे घेशील त्याला जूनच्या आधी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल आण. पावसाळ्यात इथे लेन्सवर बुरशी चढायला महिनाही पुरतो. आजी सांगेल तांदळाच्या डब्यात ठेव म्हणून. ठेवू नको, पीठ आत जातं.