दहापट भिंग आणि तीन मिलिमीटरचे फूल
गेले वर्षभर मी तणे ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे, तीन काचा एकत्र चिकटवून बनवलेले घडीचे भिंग वापरत आहे. त्याची खरी परीक्षा झाली ती मेडिकॅगो लुपुलिना या वनस्पतीवर. लसूणघासाची ही जवळची नातलग मूळची युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतली. पण उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियात ती बाहेरून आली आणि हिरवळींत, रस्त्यांच्या कडांना व पडीक जमिनींवर तण म्हणून पसरली. तिचे पिवळे फूल जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर लांबीचे असते, त्यामुळे भिंगाची पारख करायला याहून चांगली वनस्पती मला सुचत नाही.

अडचण येते ती ट्रायफोलियम डुबियम या पिवळ्या फुलांच्या क्लोव्हरशी (घासासारख्या तीनपानी वनस्पतीशी) होणाऱ्या गोंधळाची. दोघांचीही पाने तीन पर्णिकांची (छोट्या उपपानांची) आणि फुले लहान गुच्छांत असतात. मात्र मेडिकॅगोच्या पर्णिकेची मधली शीर टोकाबाहेर किंचित डोकावते आणि तेथे एक इवलेसे टोचण दिसते, जे क्लोव्हरमध्ये नसते. माझ्या जुन्या एकेरी काचेच्या भिंगात कडेला रंगीत झालर दिसे आणि हे टोचण त्यात हरवून जाई; या भिंगात मात्र प्रतिमा जवळजवळ कडेपर्यंत स्वच्छ राहते. फुले ओसरल्यावर तर शंकाच उरत नाही, कारण क्लोव्हरच्या पाकळ्या तपकिरी होऊन शेंगेला झाकून ठेवतात, तर मेडिकॅगोच्या मूत्रपिंडाच्या आकाराच्या, पिकल्यावर काळ्या होणाऱ्या, एकबीजी शेंगा उघड्या पडतात व त्यांवरील शिरांची नक्षी भिंगातून फार सुंदर दिसते.

फूल उलगडताना मात्र या भिंगाची मर्यादा जाणवते. ध्वज (वरची मोठी पाकळी), दोन पंख (बाजूच्या पाकळ्या) आणि नौका (खालच्या जोडलेल्या पाकळ्या) अशी रचना ओळखू येते. दहापैकी नऊ पुंकेसर जोडलेले असून दहावा सुटा आहे, हेही दिसते. हा केसरांचा स्तंभ नौकेत ताणून धरलेला असतो आणि किडा बसताच झटक्याने वर उसळतो. ते उसळणे सुईने घडवून पाहायचे, तर एका हातात भिंग, दुसऱ्यात फूल, आणि सुईसाठी तिसरा हात आणायचा कोठून? दहापट भिंगाला वस्तू सुमारे 25 मिलिमीटरवर धरावी लागते आणि स्पष्ट दिसणारा थर इतका पातळ असतो की हात जरा हलला तरी सारे पुसट होते. भिंग डोळ्याला टेकवून फूलच त्याच्याजवळ आणावे, हे मला उशिरा उमगले. उत्पादकाने सोबत साधी बैठक दिली असती, तर पुष्कळ सोय झाली असती.

बिजागरीचा स्क्रू काही महिन्यांत सैल झाला, पण तो घट्ट करता येतो.

मेडिकॅगोच्या मुळांवरील गाठींसाठी भिंग लागतच नाही. ताजी गाठ कापली की लेगहिमोग्लोबिन या लालसर रंगद्रव्यामुळे ती आतून गुलाबी दिसते. मेडिकॅगोच्या काही झाडांच्या शेंगांवर ग्रंथियुक्त (टोकाला ग्रंथी असलेले) केस असतात आणि काहींच्या नसतात. हा फरक पाहण्यासाठी मात्र मी अजूनही बैठकीच्या सूक्ष्मदर्शकाकडेच वळतो.