‘रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आजोबा, वडील आणि आता थोरला भाऊ अशी तीन पिढ्यांची दारू आमच्या घरात असल्यामुळे ‘रुग्णाच्या नकळत व्यसन सोडवा’ ही जाहिरात वहिनीला देवासारखी भेटली. फोनवरच्या गृहस्थाने भावाच्या प्रकृतीविषयी किंवा चालू औषधांविषयी अवाक्षरही न काढता घरात कोण कोण पीत होते एवढेच खोदून खोदून विचारले. मग दोष रक्तातच असल्याचे सांगून भावासाठी जेवणात मिसळायची पावडर आणि त्याच्या अकरा वर्षांच्या मुलासाठी ‘पुढची पिढी वाचवणारी’ वेगळी पुडी, असे दोन कोर्स आगाऊ पैसे घेऊन त्याने पाठवले. पाकिटावर ना घटकांची यादी होती, ना बनवणाऱ्याचा पत्ता.

काही दिवसांनी भाऊ नेहमीप्रमाणे पिऊन आला. थोड्याच वेळात त्याचा चेहरा आणि मान लालबुंद झाली, छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात आणि बाथरूमच्या दारातच तो कोसळला. वहिनीने त्या नंबरवर फोन केला, तर ‘विष बाहेर पडतंय, डोस वाढवा’ असे उत्तर मिळाले, आणि तेही माणूस जमिनीवर पडलेला असताना! पैसे परत मागितल्यावर तो नंबर कायमचा बंद झाला.

रुग्णालयात डॉक्टरांनी डायसल्फिरॅमचा संशय व्यक्त केला. हे खरे औषध आहे आणि दारूवरचा त्याचा उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी जगापुढे आणला. परंतु ते पोटात असताना दारू घेतली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचते, रक्तदाब घसरतो आणि प्रसंगी जीवही जातो, म्हणून ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

पैशांपेक्षा दुसरे नुकसान मोठे आहे. भाऊ आता ताट पुढे आले की आधी वास घेतो. वडिलांच्या काळात आईने बाटल्या लपवल्या, आम्ही मुलांनी पाहुण्यांपासून खरे लपवले. विक्रेत्याने आमची तीच सवय हेरली, असे माझे मत आहे. पुतण्याने तर समुपदेशकांना थेट विचारले, ‘माझंही रक्त खराब आहे का?’ त्यांनी त्याला समजावले की व्यसनाच्या जोखमीत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, वारशाने येते ती प्रवणता, प्रत्यक्ष व्यसन नव्हे, आणि ती घालवणारी कोणतीही पुडी नसते.

भावाचे उपचार आता त्याला सांगून चालू आहेत, आणि वहिनी व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठीच्या अल-अ‍ॅनॉन गटात जाते. कोणाच्या घरी अशी पावडर चालू असेल, तर ती ताबडतोब थांबवावी, पाकीट आणि पैसे दिल्याचे पुरावे जपून ठेवावेत, पाकिटासह डॉक्टरांना गाठावे आणि रुग्णाला आजच खरे सांगावे. कारण त्यात डायसल्फिरॅम असल्यास शेवटच्या डोसनंतरही सुमारे दोन आठवडे दारूचा एक घोट त्याच्या जिवावर बेतू शकतो.