एफ/१.८, एफ/१.४ आणि एफ/१.२: तीन फिफ्टी सोळा महिने वापरल्यावर

माझ्याकडे चार वर्षांपासून ५० मिमी एफ/१.८ लेन्स होती; ५० मिमीच्या लेन्सला फोटोवाले 'फिफ्टी' म्हणतात. सोळा महिन्यांपूर्वी एफ/१.४ घेतली. मधले सात महिने एका स्नेह्यांनी त्यांची एफ/१.२ वापरायला दिली. "परत द्यायची घाई करू नकोस, नीट वापर," असं वर बजावलं. तिन्ही लेन्स एकाच माऊंटच्या (कॅमेऱ्याला जोडायच्या कडीच्या) आणि एकाच फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) मिररलेस बॉडीवर लावलेल्या, त्यामुळे जो काही फरक दिसला तो लेन्सचाच. घेण्याआधी मी जे जे वाचलं त्यात सगळा भर शार्पनेसवर होता. आज माझ्या लेखी तो बराच खाली गेलाय. फोटो मिळतो की निसटतो हे बहुतेक वेळा फोकसच्या मोटरनं ठरवलं, आणि लेन्स बॅगेत जाते की कपाटात राहते हे वजनानं. रिंगवरचा एफचा आकडा त्यानंतर येतो.

तरी आधी आकड्याचंच बोलू, कारण पैसे आपण त्याच्यासाठी मोजतो. ५० ला १.२ नं भागलं की सुमारे ४२ मिमी येतात. लेन्समध्ये समोरून पाहिलं तर प्रकाशाला आत यायला एवढ्या व्यासाची वाट दिसते, तिलाच अ‍ॅपर्चर म्हणतात; आकडा लहान तितकी ती मोठी. १.४ ला ती ३६ मिमीच्या आसपास आणि १.८ ला जेमतेम २८. क्षेत्रफळाच्या हिशोबानं १.२ मधून १.८ च्या सव्वादोन पट प्रकाश येतो. १.२ आणि १.४ मध्ये मात्र अर्ध्या स्टॉपचाच फरक आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तोही मुख्यतः चौकटीच्या मध्यभागी, कारण पूर्ण उघडल्यावर १.२ चे कोपरे चांगलेच काळवंडतात. सॉफ्टवेअर ते उजळून देतं, पण उजळताना तिथला नॉइज, म्हणजे रवाळपणाही वर येतो. कोपऱ्यात महत्त्वाचं काही असेल तर हा अर्धा स्टॉप हाती लागत नाही.

हा हिशोब खरा झाला तो आजीचे फोटो काढताना. आजी संध्याकाळी खिडकीपाशी बसून शिवते. उजेड उतरलेला असतो, दिवा लावायचा तिला कंटाळा, आणि मलाही तो लावायला नको असतो. पहिल्यांदा मी १.८ लावून शटर १/१५ सेकंदाला ठेवलं होतं. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे खिडकीची चौकट, भिंत, तिच्या मांडीवरचं कापड, सगळं लख्ख आलं. बोटं तेवढी पुसट. स्टॅबिलायझेशन माझ्या हाताची थरथर सावरतं, तिच्या हाताची नाही. तिची बोटं थांबवायला निदान १/१२५ हवं, आणि तेवढं शटर ठेवलं की १.८ ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ६४०० वर जात होता. त्याच उजेडात १.२ ला तो २८०० च्या घरात राहतो. छोट्या पडद्यावर हा फरक कुणाला कळणार नाही, पण मोठ्या प्रिंटवर कळतो. ६४०० ला नॉइज रिडक्शन चालवलं की बोटांच्या सांध्यांवरच्या बारीक सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. २८०० ला त्या शाबूत राहतात. मोठ्या अ‍ॅपर्चरचं मोल मला पहिल्यांदा पटलं ते तिथे.

आणि त्याच खिडकीपाशी त्याची दुसरी बाजूही दिसली. आजी सुईत दोरा ओवते तेव्हा सुई डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरते. मी साठ सेंटिमीटरवर बसलेली. एवढ्या जवळून ५० मिमी एफ/१.२ ची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जेवढी खोली स्पष्ट येते ती, एक सेंटिमीटरही भरत नाही. कॅमेऱ्याच्या आय डिटेक्शननं (आपोआप डोळ्यावर फोकस करणाऱ्या सोयीनं) इमानेइतबारे डोळा पकडला, पापणी न् पापणी मोजून घ्यावी अशी आली, आणि सुईचा झाला एक धुरकट पट्टा. तो फोटो सुईचा होता, डोळ्याचा नव्हे. मग डिटेक्शन बंद केलं, एकच फोकस पॉइंट सुईच्या नेढ्यावर आणून ठेवला. आता सुई धारदार आली, पण मागचा चेहरा इतका विरघळला की तो कुणाचाही असू शकला असता. शेवटी एफ/२.८ वर काढला. नेढं स्पष्ट आहे, त्यातून वर निघालेलं दोऱ्याचं फुटकं टोक स्पष्ट आहे, आणि मागे पुसट असली तरी ती माझीच आजी आहे. उजेड भरून काढायला आयएसओ बराच वर न्यावा लागला, त्याची मला खंत वाटत नाही. जवळून काढताना १.२ वर नुसती हौस भागते, माणूस हरवतो.

आता १.८ बद्दल, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला हीच लेन्स सुचवली जाते. तिच्या काचेबद्दल माझी तक्रार नाही. एफ/२.८ ला तिचा फोटो आणि १.४ चा फोटो शेजारी ठेवले तर मध्यभागात मला स्वतःला फरक ओळखता आलेला नाही. रड आहे ती फोकसची. पाच वर्षांची भाची अंगणातून माझ्याकडे धावत येते, मी शटर दाबून धरते. १.८ वर पहिल्या एकदोन चौकटी चांगल्या, मग फोकस तिच्या मागे राहतो: कधी कानावर, कधी केसांवर, पार जवळ आल्यावर तर मागच्या झाडावर. १.४ वर त्याच धावेतल्या बहुतेक चौकटींत डोळा पकडलेला असतो. बॉडी तीच, सेटिंग तीच. कमी उजेडात १.८ फोकस शोधत पुढेमागे होत राहते, आणि व्हिडिओत तिच्या मोटरची घुरघुर आवाजात उतरते.

याचं कारण रचनेत आहे. बऱ्याच स्वस्त फिफ्टी अजूनही डबल गाऊस या जुन्या, साध्या रचनेच्या घराण्यातल्या आहेत. त्या घराण्याचं मूळ पाउल रुडोल्फ यांनी १८९६ साली त्साइससाठी केलेल्या प्लानारपर्यंत जातं. सोनीची एफई ५० मिमी एफ/१.८ आणि कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ या दोघींत सहाच काचा आहेत. अशा साध्या रचनेत फोकससाठी सहसा काचांचा अख्खा गठ्ठा पुढेमागे सरकवावा लागतो, म्हणजे छोट्या मोटरवर सगळा भार. महाग लेन्समध्ये आत एखाददुसरा हलका गटच सरकतो आणि तो ओढायला बऱ्याचदा लिनिअर मोटर असते. म्हणून त्या चपळ आणि निःशब्द. त्याच हलक्या गटासाठी आणि कोपऱ्यांपर्यंतच्या शार्पनेससाठी काचा वाढतात: सोनीच्या ५० मिमी एफ/१.४ जीएममध्ये त्या १४ आहेत, निकॉनच्या झेड ५० मिमी एफ/१.२ मध्ये १७. एफ/१.८ म्हणजे दुय्यम असंही समजू नये. निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.८ एस याच आकड्याची असून तिच्यात १२ काचा आहेत आणि वजन ४१५ ग्रॅम. ती या स्वस्त वर्गात मोडत नाही. त्यामुळे दुकानात नुसतं "एक पॉइंट आठ" म्हणून विचारण्यापेक्षा फोकसला आत काय सरकतं आणि मोटर कुठली हे विचारावं.

काचा वाढल्या की वजन आलंच. निकॉनची ती १.२ सुमारे १,०९० ग्रॅमची, कॅननची आरएफ १.२ सुमारे ९५० ची, सोनीची ७७८ ची. कॅननची १.८ मात्र १६० ग्रॅममध्ये बसते. एक गोष्ट मला फार आवडते: सोनी-त्साइसची २०१६ ची ५० मिमी एफ/१.४ प्लानारही ७७८ ग्रॅमचीच होती. पाच वर्षांनी तेवढ्याच वजनात १.२ आली, आणि २०२३ ला १.४ उतरली ती ५१६ ग्रॅमवर. म्हणजे काही वर्षांपूर्वी वाचलेले वजनाचे शेरे आज तसेच धरून चालू नये. मिररलेसमुळे आरसा गेला, माऊंटपासून सेन्सरचं अंतर निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ मिमीवर आलं आणि कॅननमध्ये ४४ वरून २० वर. मागची काच सेन्सरच्या जवळ आणि मोठी ठेवायची मोकळीक मिळाली. लेन्स लहान होतील असं तेव्हा मला वाटलं होतं. आधी ती मोकळीक दर्जात खर्च झाली, आकार त्यानंतर उतरू लागला.

वापरताना वजनाचं काय होतं ते सांगते. पहिल्या महिन्यात १.२ मी सगळीकडे नेली. दुसऱ्या महिन्यात ठरवून काढायच्या फोटोंना. चौथ्या महिन्यापासून सकाळी फिरायला जाताना हात आपोआप १.४ कडे जायला लागला. तासभर गळ्यात वागवल्यावर १.२ मान धरते, आणि कॅमेरा पुढे लोंबत राहिल्यानं चालताना एक हात सतत तिच्याखाली ठेवावा लागतो.

रंगाच्या कडांबद्दल. आजीच्या चष्म्याची फ्रेम तारेची आहे. खिडकीचा उजेड तिच्यावर पडला की १.८ पूर्ण उघडी असताना फोकसच्या पुढची तार जांभळट आणि मागे कानाकडे गेलेली काडी हिरवट दिसते. हे कोपऱ्यांतल्या फ्रिंजिंगसारखं (तिथे कडांना सुटणाऱ्या रंगासारखं) एका टिचकीत जात नाही. सॉफ्टवेअरनं रंग काढायला गेलं की आजीच्या जांभळ्या साडीचा काठही फिका पडतो. एफ/२.८ च्या पुढे ते बरंच आवरतं. १.४ वर पूर्ण उघड्यालाही अगदी शोधलं तर सापडतं. १.२ वर थोडंसं होतं, १.४ हून जास्त, पण त्रास व्हावा इतकं नाही.

उन्हात वेगळीच अडचण. भर दुपारी आयएसओ १०० ला एफ/१.८ साठी शटर साधारण १/८००० लागतं, म्हणजे पुष्कळ बॉडींची मेकॅनिकल शटरची शेवटची पायरी. १.४ ला १/१३००० आणि १.२ ला त्याहून पुढे जावं लागतं. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) घ्यायचा म्हटलं तर मोठ्या लेन्सला ७२, ७७ किंवा ८२ मिमीचा, आणि तो स्वस्त नसतो. शिवाय एक गोष्ट मी दोन महिने लेन्सचा दोष समजत होते: पानांतून येणाऱ्या उजेडाचे गोल एका बाजूनं कापल्यासारखे दिसायचे. दोष लेन्सचा नव्हता. शटर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर होतं, म्हणजे शटरचा पहिला पडदा खरा नसून इलेक्ट्रॉनिक असतो त्या सेटिंगवर. वेगवान शटर आणि मोठं अ‍ॅपर्चर एकत्र आलं की त्यात बोकेचे, म्हणजे धूसर पार्श्वभूमीतल्या उजेडाचे, गोल असे छाटले जातात. पूर्ण मेकॅनिकलवर केल्यावर गोल पूर्ववत झाले. कडेचे गोल मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात ते मात्र लेन्सचंच. १.२ एफ/२ वर आणली की तिचे गोल कडेपर्यंत जवळपास गोल राहतात, १.८ एफ/२ वर अजून लांबटच दाखवते. मोठी लेन्स घेऊन थोडी बंद करून वापरण्यात हा खरा फायदा आहे, आणि तो कागदावरच्या आकड्यांत कुठे दिसत नाही.

माझ्या १.४ ची पहिली प्रत सदोष निघाली. डावीकडच्या इमारतींच्या खिडक्या मऊ, उजवीकडच्या कोरीव. विक्रेत्यानं "कडेला सगळ्याच लेन्स अशा असतात" म्हणून मला एकदा परत पाठवलं. मग मी ट्रायपॉडवर एफ/२ ला लांबवरचा एकच पत्र्याचा फलक आळीपाळीनं चारही कोपऱ्यांत आणून, दर वेळी नव्यानं फोकस करून, चार फोटो काढले. तीन कोपऱ्यांत अक्षरं वाचता येत होती, चौथ्यात नाही. चारही फोटो शेजारी ठेवून दाखवल्यावर प्रत बदलून मिळाली. नवी लेन्स घेतली की पहिल्याच आठवड्यात हे करून बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

व्हिडिओ करणाऱ्यांनी फोकस ब्रीदिंग, म्हणजे फोकस बदलताना चौकट लहानमोठी होणं, पाहून घ्यावं. माझी १.८ फोकस जवळ आणताना चौकट ठळकपणे आक्रसते, १.४ फार कमी. एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान सेन्सरची) बॉडी असेल तर यातली कुठलीच लेन्स स्टँडर्ड राहत नाही, ५० मिमी तिथे ७५ सारखी वागते. तिथे ३३ किंवा ३५ मिमी बघावी. फुजीफिल्मची २०२१ ची एक्सएफ ३३ मिमी एफ/१.४ ३६० ग्रॅमची आहे.

सध्या कॅमेऱ्यावर १.४ असते, दहापैकी नऊ दिवस. १.८ भाचीच्या आईला दिली. ती फुलांचे आणि घरातल्या वस्तूंचे फोटो काढते, त्याला ती लेन्स पुरून उरते. १.२ मी गेल्या महिन्यात परत केली. तिची आठवण एकाच ठिकाणी येते: तीन मीटरवरून पूर्ण उभ्या माणसाचा फोटो. तिथे तिची डेप्थ ऑफ फील्ड पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास असते. डोक्यापासून पायापर्यंत माणूस स्पष्ट येतो आणि मागचं दार, भिंत, झाड हलकेच मागे सरकतं. १.४ वर हे होतं, पण इतकं मोकळं नाही होत. आजीचा दारात उभा असलेला फोटो तसाच निघालाय, साडीच्या निऱ्या अगदी खालपर्यंत मोजता येतात. तसेच घरातल्या सगळ्यांचे एकेक काढायचे आहेत, म्हणून पुढच्या महिन्यात दोन दिवसांसाठी ती लेन्स मी पुन्हा मागून ठेवली आहे.