५.५६ आणि ३०० ब्लॅकआउट, दोन्हीसाठी एकच बफर: कार्बाइन, एच, एच-२ की एच-३?

दोन पिना सरकवल्या की एआर-१५ रायफलचा वरचा भाग सुटतो. ५.५६ कॅलिबरचा उतरवून ३०० ब्लॅकआउट कॅलिबरचा चढवायला एक मिनिटही लागत नाही. बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलून मागून बंद करणारा भाग) तोच चालतो, मॅगझिनही तेच. बफर, म्हणजे मागे येणाऱ्या बोल्टला थोपवणारं वजन, आणि त्याची स्प्रिंग मात्र खालच्या भागात, दस्त्याच्या नळीत असतात आणि तिथेच राहतात. म्हणजे एकाच वजनाला दोन वेगळ्या स्वभावाच्या काडतुसांशी जमवून घ्यावं लागतं. अमेरिकेत कायदेशीर एआर बाळगणारे आपले लोक मला हा प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्बाइन लांबीच्या नळीत बसणारे हे चारही बफर बाहेरून सारखेच दिसतात. साधा कार्बाइन सुमारे ३ औंसांचा (८५ ग्रॅम), एच ३.८ (१०८ ग्रॅम), एच-२ ४.६ (१३० ग्रॅम) आणि एच-३ ५.४ औंसांचा (१५३ ग्रॅम). फरक पोटातल्या तीन तुकड्यांचा आहे. कार्बाइनमध्ये तिन्ही पोलादी, एचमध्ये एक टंगस्टनचा, एच-२ मध्ये दोन, एच-३ मध्ये तिन्ही. टंगस्टन पोलादाच्या जवळपास अडीचपट जड. हे तुकडे मुद्दाम सैल ठेवतात. बोल्ट बंद होऊन उलट उसळू पाहतो, तेव्हा ते मागून येऊन त्याला दाबतात.

निवड करताना बहुतेक जण ५.५६ पासून सुरुवात करतात. १६ इंची बॅरल आणि कार्बाइन गॅस (बोल्ट मागे ढकलणारा गॅस चेंबरजवळूनच घेणारी आखूड व्यवस्था) असेल तर बोल्ट बऱ्याचदा गरजेपेक्षा जोरात मागे येतो, म्हणून एच-२ किंवा एच-३ घ्यावासा वाटतो. मला ही दिशाच उलटी वाटते. तुमच्याकडचं सगळ्यात अशक्त काडतूस कोणतं, ते आधी बघा. ते असतं ३०० ब्लॅकआउटचं सबसॉनिक: १९० ते २२० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड गोळी, आवाजापेक्षा कमी वेग, बोल्ट ढकलायला गॅस तुटपुंजा. याच कॅलिबरची ११० ते १२५ ग्रेनची सुपरसॉनिक काडतुसं मात्र बोल्ट सहज मागे ढकलतात. सबसॉनिक सप्रेसरशिवाय (आवाज दाबणाऱ्या नळकांड्याशिवाय) चाललं, तर बाकीचं सगळं चालतं.

म्हणून माझं पहिलं मत एचला. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, बोल्ट मागे अडकून राहतो का पाहा. सबसॉनिकवर हे पाच वेळा करा. एकदाही चुकला तर कार्बाइनवर या. मग ५.५६ चढवा आणि पुंगळ्या कुठे पडतात ते पाहा. बॅरलचं तोंड बाराच्या काट्यावर धरलं, तर तीन ते चारच्या दिशेने पडल्या की ठीक. एक-दोनकडे उडत असतील तर बोल्ट फार वेगात आहे.

अशा वेळी बफर वाढवण्याऐवजी ५.५६ च्या वरच्या भागाला ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (बोल्टकडे जाणारा गॅस कमी-जास्त करता येणारा भाग) बसवा. खर्च जास्त आहे, पण जादा गॅस जिथे येतो तिथेच कमी होतो आणि सबसॉनिकच्या वाट्याला जड वजन येत नाही.

एच-२ घ्यावा तो कायम सप्रेसर लावून झाडणाऱ्याने. सप्रेसरमुळे गॅस मागे साचतो आणि बोल्टचा वेग वाढतो, तेव्हा हे वजन कामी येतं. दोन कॅलिबर अदलाबदल करणाऱ्याने एच-३ च्या वाटेला जाऊ नये, असं मला वाटतं. ९ मिमीच्या ब्लोबॅकचा (जिथे पुंगळीच बोल्टला थेट मागे ढकलते) हिशेब निराळा. तिथे जड बफर लागतोच. आणि .२२ च्या कन्व्हर्जन किटला (त्याच रायफलमधून .२२ ची काडतुसं झाडता यावीत म्हणून बसवायच्या संचाला) बफरची गरजच नसते, त्याची स्प्रिंग त्याच्यातच असते.

बफर कोणताही घ्या, दोन कॅलिबरच्या मॅगझिन मात्र वेगळ्या रंगाच्या ठेवा. ३०० चं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि ते झाडलं तर रायफल फुटते. वरचा भाग बदलायच्या आधी टेबलावरची दुसऱ्या कॅलिबरचं प्रत्येक काडतूस पेटीत बंद करा.