जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेताना: माती, पाणी की वाफा, आधी काय तपासावे?

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा घर बांधण्यासाठी घ्यावी की नाही, हे ठरवताना बहुतेक खरेदीदार माती दूषित आहे का एवढेच विचारतात. आरोग्याच्या दृष्टीने हा प्रश्न अपुरा आहे, कारण जमिनीत मुरलेले इंधन शरीरापर्यंत पोहोचले तरच अपाय करते. पोहोचण्याच्या वाटा प्रामुख्याने तीन आहेत: माती व धुळीचा संपर्क, विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी आणि जमिनीतून इमारतीत शिरणाऱ्या वाफा. प्रत्येक वाटेची चाचणी वेगळी असते आणि एकीच्या निकालावरून दुसरीविषयी निर्वाळा देता येत नाही.

मातीची चाचणी सर्वांत परिचित आहे. गळती कोठे झाली हे ती चांगले दाखवते, म्हणून नमुने जुन्या टाक्यांखालून, नळांच्या चरातून आणि पेट्रोल भरण्याच्या यंत्रांखालून घेतलेले असावेत. मोकळ्या कोपऱ्यातील स्वच्छ नमुन्याला काहीच अर्थ नाही. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील पंप असेल तर शिशासाठीही मातीच तपासावी लागते, कारण मातीत उरलेले शिसे उडून जात नाही. पेट्रोलमधील बेंझीन या सहज उडून जाणाऱ्या विषारी रसायनाच्या बाबतीत मात्र ही चाचणी सहज फसवते. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठवला, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बेंझीन बऱ्याच अंशी उडून गेलेले असते. माती वर येताच तिचा छोटा तुकडा नळीने कापून मिथेनॉल असलेल्या काचेच्या कुपीत बंद करणे आणि ती थंड ठेवणे, ही योग्य रीत आहे. अहवालात याचा उल्लेख नसेल तर बेंझीनच्या कमी आकड्यावर मी विसंबणार नाही.

पाण्याची चाचणी गळती किती दूर पसरली हे सांगते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातील बेंझीन काही प्रमाणात विरघळून भूजलाबरोबर वाहते, आणि पेट्रोलमध्ये एमटीबीई (ज्वलन सुधारण्यासाठी घातले जाणारे रसायन) मिसळलेले असल्यास ते त्याहूनही पुढे जाते. पिण्याच्या पाण्यातील बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम, अमेरिकेची मर्यादा 5, तर युरोपीय संघाची 1 मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे ‘मर्यादेत आहे’ असे लिहिलेले असेल तर कोणाच्या, हे विचारावे. भूजलाची पातळी ऋतूनुसार वरखाली होत असल्याने एका वेळच्या नमुन्यावर समाधान मानू नये. जागेवरचे पाणी पिण्यास वा अंघोळीस वापरायचेच नसेल, तर ही वाट बंद होते.

वाफांची वाट सर्वांत दुर्लक्षित आणि, माझ्या मते, इमारतीसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो आणि हवेतील त्याची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. तिच्या हिशेबाप्रमाणे हवेच्या घनमीटरमागे 1.7 मायक्रोग्रॅम बेंझीनमध्ये आयुष्यभर राहिल्यास लाखात एकाला जादा धोका संभवतो. वास येण्यासाठी याच्या हजारो पट प्रमाण लागते. ‘वास येत नाही’ हा निकष येथे निरुपयोगी आहे.

तरीही खाली इंधन आहे म्हणून घरात वाफा येतीलच असे नाही. प्राणवायू असलेल्या मातीतील जिवाणू या वाफा वाटेतच फस्त करतात. म्हणूनच अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेची 2015 ची मार्गदर्शिका विरघळलेल्या प्रदूषणावर 6 फूट आणि तरंगत्या इंधनावर 15 फूट स्वच्छ माती असल्यास सहसा पुरेसे अंतर मानते. जुन्या नळांचे चर, सांडपाण्याची वाहिनी किंवा खोल तळघर यांमुळे हा आडोसा मोडतो. घरातील हवा थेट तपासण्यापेक्षा फरशीखालचा किंवा मातीतील वायू तपासणे श्रेयस्कर, कारण सिगारेट, वाहने आणि काही रंगद्रावकांमुळेही खोलीत बेंझीन सापडते आणि दोष कोणाचा हे ठरत नाही. नमुना घेताना बाहेरची हवा आत ओढली गेली नाही, याची नमुन्याच्या जागेभोवती हेलियम वायू सोडून खात्री केली आहे का, तेही पाहावे.

तेव्हा बंदिस्त इमारत आणि बाहेरून येणारे पाणी असेल, तर वाफा आधी; विहीर वापरायची असेल तर पाणी आधी; खोदकाम, परसबाग किंवा मुलांचे खेळणे व्हायचे असेल तर माती आधी. विक्रेत्याने ‘जागा स्वच्छ झाली’ असा दाखला दाखवला, तर तो कोणत्या वापरासाठी आहे हे वाचावे. अमेरिकी पद्धतीत व्यावसायिक जागेचा धोका मोजताना दिवसाला 8 तास, वर्षाला 250 दिवस काम करणारा प्रौढ गृहीत धरतात. निवासासाठी मात्र 350 दिवस तेथेच राहणारी माणसे आणि त्यांत लहान मूल धरले जाते. दुकानासाठी मिळालेला दाखला घरासाठी पुरत नाही, आणि अशा वेळी मोजमापांचे मूळ आकडे मागवून हिशेब नव्याने करून घ्यावा लागतो.