वीम प्रो प्लस, आठ महिन्यांनंतर: विलंबित आणि द्रुत यांच्यामधली जागा

गेल्या नोव्हेंबरात घेतलेला वीम प्रो प्लस हा स्ट्रीमर, म्हणजे नेटवर्कवरून गाणी ओढून घरच्या म्युझिक सिस्टिमवर वाजवणारी छोटी पेटी, आता जुलै लागला तरी रोज तीन-चार तास चालतो आहे. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीचा, याच्या कितीतरी पट महाग स्ट्रीमर पंधरा दिवस घरी ऐकला आणि परत केला. आवाजाबद्दल तक्रार नव्हती, आवाज फार सुरेख होता.

बाबांच्या शास्त्रीय संगीताच्या साडेतीनशे सीडी मी फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या फाइलींमध्ये) उतरवून ठेवल्या आहेत. ख्यालाच्या सीडीवर बरेचदा विलंबित, म्हणजे संथ भाग, एका ट्रॅकवर आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, पुढच्या ट्रॅकवर असतो, पण मैफलीत तबला तिथे थांबलेला नसतो. समेवर टाळ्या पडतात आणि त्या विरायच्या आत द्रुतचा मुखडा उचललेला असतो. त्या महाग यंत्रात नेमकी तिथेच अर्धा सेकंद शांतता यायची. बाबांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "अरे, तबला मधातच काहून थांबून राहिला?" चालू ट्रॅक संपायच्या आत पुढचा आणून, उलगडून तयार ठेवावा लागतो, तरच मध्ये खंड पडत नाही. अशा वाजवण्यालाच गॅपलेस म्हणतात. वीममध्ये आमच्या फाइली त्याच्याच ॲपमधून वाजवल्या की हा सांधा कळतही नाही. स्ट्रीमर निवडताना मी चिपचं नाव नंतर बघेन, आधी अशी एक सीडी लावून पाहीन.

माझ्याकडे वेगळा डॅक (डिजिटल सिग्नलचा ऐकण्याजोगा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आहे, त्यामुळे वीममधून कोॲक्सियल केबलने फक्त डिजिटल सिग्नल बाहेर काढतो आणि व्हॉल्यूम फिक्स्ड ठेवतो. डॅकच्या पडद्यावर सीडीच्या फाइलला ४४.१ आणि हाय-रेझ (सीडीहून बारीक नोंदीच्या) फाइलला ९६ किलोहर्ट्झ असा सॅम्पल रेट दिसला, की मध्ये कुणी रूपांतर केलेलं नाही असं समजायचं. ॲपलच्या एअरप्लेने, म्हणजे फोनवरून वायफायने, पाठवलं तर ९६ ची फाइलही ४४.१ होऊन येते. म्हणून फोनवरून ढकलण्यापेक्षा स्ट्रीमरने स्वतः फाइल ओढलेली बरी.

मे महिन्यात डॅक तीन आठवडे दुरुस्तीला गेला, तेव्हा वीमच्या आतल्या डॅकवर ऐकलं. किशोरीताईंचा स्वर जागेवर होता, पण तानपुऱ्याची वलयं जरा पातळ वाटली. खरं तर तेव्हा पारा ४५ च्या वर, शेजारच्या खोलीत कूलर घरघरतोय, तानपुरा नीट ऐकू येणार तरी कसा! आमच्या नागपुरात बारकाईने ऐकायचे महिने म्हणजे डिसेंबर-जानेवारी. तेव्हा रात्री दीड वाजताही खोली इतकी शांत असते की गायकाने श्वास घेतलेला कळतो. ज्यांच्याकडे चांगला डॅक आधीच आहे त्यांनी वीमचाच साधा प्रो घेतला तरी चालेल. ऑप्टिकल आणि कोॲक्सियल हे डिजिटल आउटपुट त्यालाही आहेत.

सुरुवातीला एक बारीक हम्म ऐकू यायचा. चार दिवस अर्थिंग तपासलं, प्लग उलटसुलट केले. शेवटी दोष निघाला लॅन केबलचा. मी हौसेने शील्डेड केबल आणली होती आणि तिच्या धातूच्या आवरणातून राउटर आणि स्ट्रीमर यांचं ग्राउंड जोडलं जात होतं. साधी विनाशील्डची कॅट ६ लावली आणि हम्म गेला. वायफायवरही चालतं, पण आमच्या जाड भिंतींत मी केबलच ओढली.

पडदा नाही आणि यूएसबी ड्राइव्ह लावायला जागा नाही, हे घेण्याआधी ठाऊक असू द्या. दोन्ही हवं असेल तर वीम अल्ट्रा पाहा. मी फाइली राउटरजवळच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डिस्कवर) ठेवल्या आहेत. फाइलींचे टॅग, म्हणजे आत लिहिलेली गायक-रागाची नावं, मात्र आधी स्वच्छ करा. "पं. भीमसेन जोशी", "पंडित भीमसेन जोशी" आणि नुसते "भीमसेन जोशी" असे तीन गायक ॲपमध्ये दिसत होते. ते एकत्र करायला मला दिवाळीच्या सुट्टीनंतरचे सगळे रविवार लागले.

बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, ॲप उघडत नाहीत. सकाळी बाबा रिमोट उचलतात, एक बटण दाबतात आणि तोडी सुरू होते.